न सुटलेला कौल

दारू सोडावी असं मला कधीच वाटलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून लोक मला उगाच पुण्यवान समजतील. खालापूरहून कर्जत ठेसनापर्यंत माझी बैलगाडी चाले आणि वाटेवरच्या गुत्त्यात माझी जीभ. मी मामलेदाराची नक्कल करी, आगगाडीच्या गार्डाची करी. पोट धरून हसणारी माणसं मला आणखी पाजत आणि मग आपापल्या घरी जात. माझ्या घरी कोणी नव्हतं. बायको मुलीला घेऊन नेरळला माहेरी गेली होती, जाताना जात्याचा खुंटासुद्धा काढून घेऊन. रिकाम्या घरात मी भिंतीला नक्कल करून दाखवी. भिंत हसत नसे.

एके दिवशी तिचा निरोप आला. दारू सोडायची की नाही, ते देवीला विचारा. ती काय म्हणते ते मला येऊन सांगा, मग बघू.

आमच्या गावदेवीला कौल लावतात तो असा. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आता मूर्ती डावीकडे किंचित कललेली आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक. म्हणजे डावी पडणार, ‘सोडू नको’ असा खुद्द देवीचा हुकूम होणार आणि बायकोचं तोंड बंद! या आनंदात मी घोटभर घेऊनच सकाळी देवळात गेलो.

म्हाताऱ्या गुरवबाबांनी पाकळ्या लावल्या. “कौल सुटेपर्यंत इचारणारानं उठायचं नाय, अन् लावणारानं जेवायचं नाय. ठावं हाय ना रं?”

“ठावं हाय बाबा. आत्ता पडंल.”

पडली नाही. दुपार गेली, दिवस गेला. दुसऱ्या दिवशी माझे हात थरथरू लागले, ओकाऱ्या झाल्या, भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसू लागल्या. गुत्त्यातली मंडळी पायरीपाशी येऊन गेली. “काय रं, आज देवीची नक्कल काय?” म्हणाली, हसली आणि निघाली. बसलं कोणीच नाही. इतका एकटा मी त्या रिकाम्या घरातही नव्हतो. गुरवबाबा तेवढे माझं तोंड पुसत, तांब्याने पाणी पाजत आणि खांबाला टेकून उपाशी बसत.

ते विहिरीवर गेले तेव्हा मी हळूच उठून डाव्या पाकळीला टिचकी मारली. ती हलेना. नखाला चिकट लागलं. बेलफळाचा डिंक! चोर सापडल्याचा मला असा काही हर्ष झाला की बाबा घागर घेऊन येताच मी ओरडलो, “बाबा, डिंक लावलाव तुमी!”

“व्हय.”

“मग ही पडायची कदी?”

“नाय पडायची.”

“अन् तुमी जेवायचं कदी?”

बाबांनी घागर खाली ठेवली. “तू गेलास का रीत मोडली, मग मी जेवीन. दार उघडंच हाय. जा.”

दारातून गुत्त्याची वाट दिसत होती. या म्हाताऱ्याने सगळं जाणूनबुजून माझ्यासाठी स्वतःचं पोट रिकामं ठेवलं होतं. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकून मी म्हणालो, “आई, माझ्यानं होत नाय. तू बघ.” आणि पुन्हा जागेवर जाऊन बसलो.

चौथ्या सकाळी हात थांबले. बाबांनी ते उलटसुलट करून पाहिले, देवीला पाणी घालून पाकळ्या धुऊन काढल्या आणि पेज शिजवली. आम्ही दोघांनी ती गरम गरम ओरपली.

देवीने काय सांगितलं, याच्या तीन झकास गोष्टी मी नेरळच्या वाटेवर जुळवल्या होत्या. बायकोने दारातच विचारलं, “कौल काय झाला?”

“झालाच नाय. मी नुसता बसून राह्यलो.”

“मग बसूनच ऱ्हावा,” म्हणाली आणि आत गेली.

ती अजून आलेली नाही. तिच्यावर माझा राग नाही. माझ्या गोष्टी तिने पुष्कळ ऐकल्या आहेत. गुरवबाबाही आता नाहीत. मोहाचं झाड फुललं की दारूचाच वास येतो आणि हात चळवळू लागतात. तेव्हा मी बैल सोडतो आणि देवळात जाऊन बसतो. मागत काही नाही. आपल्याने होत नाही, एवढं देवीला सांगून टाकतो. मग संध्याकाळ होते, आणि मी शुद्धीत घरी जातो.