वाटणीमामा आणि बियांच्या कॅप्सूल

मामांच्या हातून आजवर कुणावर अन्याय झाला नाही. त्यापायी लोकांचं नुकसान किती झालं, ते विचारू नका. मामा शिंपी. जुळ्या पुतण्यांचे सदरे शिवताना एकाला कापड कमी पडलं, तर त्यांनी दुसऱ्याचीही बाही आखूड केली. घरात एकच केळं उरलं, तर ते पट्टी लावून कापायचे. म्हणून घरात त्यांचं नाव वाटणीमामा.

अशा सज्जनाच्या पोटात जंतू निघाला. रात्रंदिवस जळजळ, करपट ढेकरा. त्यांची भाची दवाखान्यात डॉक्टर. त्याच जंतूवर एका काळ्या बीची पूड चालते का, हे ती तपासत होती. तिची नोकरी पक्की होणं याच तपासणीवर अडलं होतं. मामांनी हौसेनं नाव दिलं.

कॅप्सूलच्या बाटल्या वाटायच्या दिवशी भाचीनं सगळ्या रुग्णांना समजावलं, "निम्म्यांना बियांची पूड, निम्म्यांना नुसती तशी दिसणारी भुकटी. कुणाला काय, हे कुणालाच कळणार नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मामांची तेवढी ताठ राहिली.

भाची आत जाताच मामा बाकावरून उठले. "पोट सगळ्यांचं सारखंच जळतं ना? मग निम्म्यांनी भुकटी का गिळायची?"

बिनतोड मुद्दा! मामांनी रुमाल पसरला, सगळ्यांच्या बाटल्या त्यावर ओतल्या, कॅप्सूल छान कालवल्या आणि सगळ्यांना सारख्या वाटून दिल्या. लोकांनी त्यांना दुवा दिला.

महिन्यानं सगळ्यांनी पिशवीत फुंकर मारली; जंतू गेला का, ते श्वासावरून तपासलं गेलं. दोन्ही गटांचे आकडे पुतण्यांच्या सदऱ्यांसारखे हुबेहूब.

"बी कुचकामी निघाली, मामा," भाची रडवेली झाली. "आता माझी नोकरी विसरा."

मामांनी डोळे पुसायला तोच रुमाल पुढं केला. "बीला बोल लावू नकोस, बाळ. वाटणी मी केली होती."

त्यानंतर भाची जे बोलली, ते ऐकून बाहेरच्या बाकावरची माणसं हळूच सटकली.

मोठ्या डॉक्टरांनी नव्या रुग्णांवर पुन्हा तपासणी करायची परवानगी दिली. अट एकच: मामांनी फाटकाच्या आत यायचं नाही. मामांना नेहमीच्या औषधांचा कोर्स लागला. पूर्ण, एकट्यानं.

मामी पाण्याचा पेला घेऊन समोर पहारा देतात. मामा गोळी गिळतात आणि चोरासारखं बघतात. "तुला यातलं काहीच नाही गं. बरं दिसत नाही."

"लग्नापासून सगळा ताप मी एकटी सोसतेय," मामी म्हणतात. "त्याची वाटणी करायचं नाही सुचलं कधी? गिळा!"