बाईंनी बिघडवलेलं भरीत

जळगावच्या दवाखान्यात आम्हा अर्धांगवायूच्या पेशंटकडून उपचार म्हणून रोजची कामं करवून घेणाऱ्या बाईंना स्वतःला एकही काम धड येत नाही, अशी माझी खात्री होती. माझ्यासमोर तर त्यांनी भाजलेलं वांगं चक्क सुरीने चिरायला घेतलं.

"अहो बाई, भरीत ठेचतात!" मी ओरडलो.

"हो? कसं?" म्हणत त्यांनी वांगी ठेचायची लाकडी बडगी दांड्यासकट पुढे सरकवली. महिनाभर मांडीवर निपचित पडलेला माझा उजवा हात रागारागाने दांड्याकडे गेला.

दुपारी त्यांचा डबा उघडा दिसला. आत भरीत होतं; ठेचलेलं, कांद्याची पात घातलेलं, अस्सल. बाईंनी झाकण लावलं, ओठांवर बोट ठेवलं आणि धरणगावहून आलेल्या नव्या पेशंट अक्कांकडे वळल्या.

"अक्का, कळण्याची भाकरी लाटण्यानंच लाटतात ना?"