होतंसर

आमच्या सरांनी सांगितलेल्या पत्त्यावर आजवर कोणी पहिल्या फटक्यात पोचलेलं नाही, आणि सर शिकवायचे मात्र नकाशे. तेही संगणकावरचे. उपग्रहाच्या चित्रावर आखायचे, रेघ जरा हलली तरी तक्रार करणारे.

मला त्यांनी फोनवर क्लासचा पत्ता सांगितला तो असा : "घाटकोपरला ईस्टला उतर. थिएटर होतं तिथून सरळ ये. पुढे पिठाची गिरणी होती, ती सोड. मग वडाचं झाड होतं, तिथून डावीकडे. दुसरा मजला." मी अंधेरीच्या पलीकडच्या आमच्या कोळीवाड्यातून मेट्रोने आलेली. थिएटरच्या जागी कपड्यांचं मोठं दुकान होतं, गिरणीच्या जागी मोबाइलवाला, आणि वड तर औषधालाही नव्हता. घामाघूम होऊन वर पोचले तेव्हा वाटलं, आता उशिराबद्दल ऐकावं लागणार. सरांनी एवढंच विचारलं, "कोणाला विचारलंस?"

"खालच्या इस्त्रीवाल्याला."

"त्याला वड माहीत होता?"

"हो, त्यानेच जिना दाखवला."

सरांचा चेहरा खुलला. "बघ. म्हणजे आहे अजून."

त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'होतं' असायचं, म्हणून क्लासभर त्यांचं नाव होतंसर. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं. उंच, किडकिडीत माणूस, बारा महिने फिक्या रंगाचा बुशशर्ट, चष्मा दोरीने गळ्यात. वडील कोकणातून गिरणीत आलेले. सर वाढले घाटकोपरच्या चाळीत, आणि त्या चाळीच्या जागी आता काचेचा टॉवर. बोलायचे आमच्यासारखंच, रोखठोक मुंबईचं. पण कोणी घाई केली की आतला मालवणी माणूस बाहेर यायचा. "घाई कित्याक गो? जमीन खय पळून जाता?"

आम्हा सगळ्यांनाच घाई होती. भूगोलाची पदवी घेऊन नोकरी मिळत नाही हे कळून चुकलेली मंडळी आम्ही. सॉफ्टवेअर शिकायचं, सर्टिफिकेट घ्यायचं आणि एखाद्या कंपनीत चिकटायचं, एवढाच हिशोब. सर मात्र आधी खिडकीचा पडदा ओढायचे, मग पंखा एकवर आणायचे, आणि पडद्यावर एखाद्या उपनगराचं चित्र उघडून खुशाल गप्प बसायचे. चित्र चौकोनाचौकोनाने उमटत यायचं. दुपारची वेळ, खाली इस्त्रीचा कोळशाचा वास, आणि समोर आभाळातून दिसणारी आपलीच मुंबई. आपण पंख्याच्या वाऱ्यावर हलके हलके वर चाललोय असं वाटायचं. एकदोघं तर चक्क झोपायचे. सर त्यांना उठवत नसत.

"कुठे हा अर्धाच प्रश्न झाला," ते म्हणायचे. "उरलेला अर्धा, कधी." कोणी अभिमानाने नकाशा पुढे केला की रेघा, रंग, काहीही न बघता त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "कधीचा?" उत्तर आलं नाही तर नकाशा परत. आमच्यातल्या एकाने वैतागून म्हटलं होतं, "सर, इंटरव्ह्यूला हे कोण विचारणार आहे?" सर म्हणाले, "नाही विचारणार. म्हणून तर मी विचारतोय ना."

त्यांचा एक आवडता खेळ होता. कांदिवलीचं आजचं चित्र उघडायचं, त्याखाली जुना सरकारी नकाशा ठेवायचा, आणि वरचं चित्र हळूहळू विरळ करत न्यायचं. टॉवर आधी धुरकट व्हायचे, मग त्यांच्या आतून भाताची खाचरं वर यायची, एक तळं यायचं, पायवाट यायची. अगदी मध्यावर आल्यावर सर हात थांबवायचे. तिथे टॉवरही असायचा आणि खाचरही. कोणाच्या तरी बाराव्या मजल्याच्या बाल्कनीखाली भात लावलेला दिसायचा. "आता यातलं खरं कुठलं?" ते विचारायचे, आणि आम्ही काही बोलायच्या आत स्वतःच हळूच म्हणायचे, "दोन्ही." अशा संध्याकाळी मेट्रोतून जाताना मला खाली रस्ते दिसतच नसत. सगळीकडे पाणी आणि शेतं. साकीनाक्याला तर एकदा बेडूक ऐकू आल्यासारखे वाटले.

आईला या सगळ्याचं भारी हसू यायचं. आई बोंबील सुकवते आणि विकते. तिच्या आईनेही तेच केलं. मी सरांचे पत्ते सांगितले की ती कपाळाला हात लावायची. "अगो बाय, यो मास्तर वाट दाखवाला शिकवतंय का चुकवाला?" फी तीच भरत होती, त्यामुळे विचारायचा हक्कही तिचाच.

मग पौषात ते झालं. आमच्या भागाचा नवा आराखडा महापालिकेच्या कचेरीच्या भिंतीवर लागला. हरकती असतील तर सांगा, म्हणून. मी कौतुकाने बघायला गेले, आता नकाशा वाचता येतो ना! कोळीवाडा सापडला, देऊळ सापडलं, धक्का सापडला. आणि देवळामागचं आमचं वाळवण, जिथे बांबूच्या वलांडींवर आईचे आणि गल्लीतल्या सगळ्या बायांचे बोंबील लटकतात, ते मैदान फिक्या पिवळ्या रंगात. खाली लिहिलं होतं, रिकामी जागा. मुंबईत रिकाम्या जागेचं पुढे काय होतं ते कोणाला सांगायला नको. आईला सांगितलं तर ती आधी हसली, मग एकदम खाली बसली. "रिकामी? मंग आमी काय हवेत सुकवतो?"

मी तशीच क्लासला गेले, मोबाइलवर काढलेला नकाशाचा फोटो सरांपुढे धरला आणि रडायलाच लागले. सरांनी चष्मा लावला.

"हे बनवलंय कधीच्या चित्रावरून?"

माझं डोकं सटकलं. "सर, आमची जागा चाललीय आणि तुम्ही तारीख कसली विचारता?"

"घाई कित्याक गो. बस." त्यांनी पडद्यावर आमचा कोळीवाडा उघडला आणि जुनी चित्रं एकामागून एक सरकवत गेले, आराखड्यातल्या घरांशी जुळणारं चित्र येईपर्यंत. "हेच असणार. मला यातलं काही कळत नाही. तुझं गाव आहे, तू सांग. काय दिसतं?"

मैदान खरंच रिकामं होतं. एक वलांडी नाही. मग नजर किनाऱ्याकडे गेली. वाळूवर ओळीने निळे तुकडे होते. मी खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले.

"सर, या होड्या आहेत. ओढून वर घेतल्यात. निळ्या प्लास्टिकने शाकारल्यात."

"आज कुठे आहेत होड्या?"

"आज? समुद्रात."

"मग शाकारतात कधी?"

"पावसाळ्यात. मासेमारी बंद असते तेव्हा. तेव्हा बोंबीलच नसतात, वलांडीही सोडून ठेवतो आम्ही..." आणि मी थांबले. पंखा एकवर फिरत होता. ढगांच्या मधल्या कुठल्याशा स्वच्छ सकाळी उपग्रह वरून गेला होता, आणि आमचं एरवी भरलेलं मैदान त्याला नेमकं त्या सकाळी दिसलं होतं. कोणी वाईट हेतूने काही केलेलं नव्हतं. फक्त 'कधी' विचारायचं राहून गेलं होतं.

पुढचे कित्येक रविवार सगळा क्लास आमच्याकडे. मोबाइल हातात घेऊन वलांडीवलांडीला जायचं, कोपऱ्यावर उभं राहून खूण घ्यायची, कोणाची ते विचारायचं. बाया आधी लाजल्या, मग भांडायला लागल्या, माझी आधी घे, माझी आधी घे. सर मात्र काही मोजत नव्हते. मैदानाच्या तोंडाशी एक जुनी होडी उलटी पडली होती, तिच्यावर ते बसायचे, डोक्यावर रुमाल घालून, डोळे मिटून. वर ओळींनी बोंबील, त्यातून गाळून येणारं ऊन आणि लाटांचा एकसुरी आवाज. आई म्हणायची, "तुझा मास्तर झोपलंय." मला वाटतं, ते आमचं मैदान विरळ करून बघत असायचे. एकदा डोळे न उघडताच म्हणाले, "इथे आधी पाणी होतं ना गो?" आईने कापायची सुरी खाली ठेवली. तिच्या आजीच्या वेळेला खरंच होतं. त्या दिवसापासून सरांना डब्यात तळलेले ताजे बोंबील मिळायला लागले.

आमच्या हरकतीच्या सुनावणीला आम्ही दोन नकाशे नेले, एक पावसाळ्याचा, एक माघातला. साहेब तरुण होते, दमलेले, पण ऐकून घेणारे. त्यांनी दोन्ही नीट पाहिले आणि म्हणाले, "पण मॅडम, पावसाळ्यात जागा रिकामी असतेच ना? नकाशात रंग एकच देता येतो."

मागून सर शांतपणे म्हणाले, "तुमची कचेरी रविवारी रिकामी असते. मग आम्ही येऊन राहिलो तर चालेल?"

साहेब आधी गंभीर झाले आणि मग खळखळून हसले. आईही हसली, पण पदर तोंडात धरून. बाहेर आल्यावर तिने सरांना वाकून नमस्कार केला, आणि सर इतके गोंधळले की त्यांनीही वाकून तिला केला.

निकाल लागायला वेळ लागणार होता, आणि सरांकडे तेवढा वेळ नव्हता. क्लासची इमारत पाडायला घेतली, सर गावी बहिणीकडे गेले, आणि दिवाळीनंतर ते वारल्याचा मेसेज आमच्या ग्रुपवर आला. मी मेट्रोत होते. घाटकोपरला उतरले, चालत गेले. इमारतीच्या जागी पत्रे ठोकलेले, इस्त्रीवालाही कुठे निघून गेलेला. रस्त्यात उभी राहून मी ढसाढसा रडले. सरांचा मला फार लळा लागला होता, आणि ते त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

अंतिम आराखडा आला तो त्यानंतर. देवळामागे पिवळा रंग नव्हता. निळ्या तिरक्या रेघा होत्या आणि लिहिलं होतं, मासे सुकवण्याची जागा. आज मी एका कंपनीत नकाशेच करते, आणि नवीन मुलांनी काहीही पुढे आणलं की आधी कधीचा ते विचारते. मुलं माझ्या मागे काहीतरी नाव ठेवत असतील. ठेवू देत.

परवा सुट्टी होती म्हणून मी आईसोबत मैदानावर होते. मुलुंडच्या एका नव्या गिऱ्हाइकाचा फोन आला, बोंबील कुठे मिळतील, वाट सांगा. मी आईला खुणेने म्हटलं, मी लोकेशन पाठवते. तिने हात झटकला आणि फोनमध्ये मोठ्याने सांगू लागली, "देवलाच्या मागं ये. तोंडाशीच उलटी होरी होती, नकाशावालं मास्तर बसाचं ना, तिथशी डावीकडं."

ती होडी गेल्या पावसात मोडून नेली. मी म्हटलं, "आये, त्याला कसं कळणार? त्याने ना होडी बघितली ना सर."

"ईचारंल कोनाला तरी," आई म्हणाली आणि टोपलीतले बोंबील निवडू लागली.

दोनेक तासांनी तो माणूस हातात पिशवी घेऊन थेट आमच्या वलांडीसमोर येऊन उभा राहिला. मला राहवलं नाही. "कोणाला विचारलंत?"

"धक्क्यावरच्या मावशींना. म्हणाल्या, मास्तरांची जागा ना, ती काय समोर."

मी मान वळवून मैदानाच्या तोंडाकडे पाहिलं. नुसती वाळू होती आणि तिच्यावर बोंबलांची सावली हलत होती. आहेत अजून.