आक्काच्या गाडीचा तेलपंप

चाळीस वर्षं इंजिनं उघडणारा मिस्त्री थोरल्या बहिणीच्या हायब्रिड गाडीखाली गप्प पडून होता. तेलाचा लाल दिवा लागताच आक्काने गाडी जागीच बंद केली, म्हणून इंजिन वाचलं. पंप धडधाकट होता. त्याच्या तोंडाची जाळी तेवढी काळ्या गाळाने बुजली होती. गाडी मधूनमधून बॅटरीवर धावायची, म्हणून इंजिन घटकाभर चालून पुन्हा निजायचं, पुरतं तापायचंच नाही. मग तेलातला ओलावा उडणार कसा? त्यानेच जुन्या तेलाचा गाळ झाला होता. आणि ‘इंजिन अर्धंच चालतं, तेल दुप्पट दिवसांनी बदल,’ हे त्यानेच तिला सांगितलेलं.

पंपच गेला म्हणावं का, असं क्षणभर मनात आलं.

“काय रे, डोळा लागला का?”

तो सरपटत बाहेर आला. “आक्का, पंपाचा दोष नाही. माझंच सांगणं चुकलं.”

“वाटलंच मला. लहानपणीही चुकलास की पलंगाखाली जाऊन बसायचास,” म्हणत तिने हात पुसायला फडकं पुढे केलं.