उडदाच्या मुळाशी आलेले जावई

१८ जुलै, उडदाची निंदणी. खुरपं हातात होतं, पण लक्ष सगळं नवऱ्याच्या काकांकडे, नानांकडे. माणसांची सरबराई करणारे आमच्या चोपड्याकडे पुष्कळ. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंची बडदास्त ठेवणारे नाना एकटेच.

कडधान्याच्या बियाण्याला जिवाणू चोळून पेरायचं, हे त्यांनी धुळ्याच्या एका शिबिरात ऐकलं आणि लगेच पाकीट आणलं. उन्हाने जिवाणू मरतात, म्हणून एसटीत आजूबाजूच्या सगळ्या खिडक्या बंद करायला लावल्या. घामाने निथळत कंडक्टरने विचारलं, "आजोबा, पिशवीत आहे तरी कोण?"

"जावई," नाना म्हणाले.

घरी गुळाच्या पाण्यात ती काळी भुकटी कालवून त्यांनी बियाण्याला हळद लावावी तशी चोळली. सावलीत सुकवायला आमची झोपायची खोली घेतली. पंखा बियाण्याला, आम्ही ओट्यावर. "मूळ आवतन देस," ते मला समजावत, "जिवाणू येतस, मूळना केस त्यास्ले मिठी मारस, मंग गाठ पडस. हाई लगीन शे, सूनबाई." त्या गाठींत जिवाणू हवेतलं नत्र धरून पिकाला देतात, तो नानांच्या हिशेबी आहेर.

नवऱ्याला हे पटेना. त्याने सांगून टाकलं, गाठी दिसल्या तर युरिया नाही. न दिसल्या तर युरिया टाकणार आणि पुढच्या वर्षी नानांच्या हातचा जमिनीचा हा शेवटचा तुकडाही केळीच्या लागवडीत जाणार. झालं, नाना रोज रोपं उपटून मुळं बघू लागले. ओळींना टक्कल पडलं, मुळं मात्र कोरीच.

"कोठे शेतस तुमना पाव्हना?" नवरा विचारी.

"लाजाळू शेतस."

त्या दिवशी निंदणी चालू असतानाच नवऱ्याने मोटरसायकलवरून युरियाचं पोतं आणलं. पोतं बांधावर उतरलं तसे नाना पुन्हा रोपांत शिरले. उभ्याउभ्याच वाकून त्यांनी हिसका दिला आणि मला उलगडा झाला. गुडघ्यांमुळे नानांना आता खाली बसवत नाही. हिसक्याने गाठी तुटून मातीतच राहत होत्या. पण बसता येत नाही हे कबूल करण्यापेक्षा जिवाणूंना लाजाळू ठरवणं त्यांना सोपं होतं. उद्या सकाळी टाकू, असं म्हणून मी नवऱ्याला थोपवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नानांना घेऊन मी वावरात गेले. खाली बसून एका रोपाभोवतीची माती खुरप्याने सैल केली, ढेकळासकट रोप उचललं आणि बादलीत अलगद धुतलं. मुळांना मण्यांसारख्या गाठी लगडल्या होत्या. एक नखाने फोडली, आत छान गुलाबी, म्हणजे जिवाणू कामाला लागलेले. रोप नानांच्या हातात दिलं, नवऱ्याला तुम्हीच दाखवा म्हटलं, आणि पुढची ओळ निंदायला घेतली.