दुलईतले पंचवीस रुपये

ज्या वर्षी कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षी आमच्या गावात सगळ्यांची डोकी फिरली. माझंही फिरलं. सातासमुद्रापार कुठेशी लढाई चालली होती म्हणे, आणि तिच्यापायी अमरावतीच्या बाजारात आमच्या कापसावर व्यापारी तुटून पडत होते. शेजारणीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ आली. मला ती बघवेना, मलाही तशीच हवी झाली. मग कापूस भरताना मी दोन बोऱ्यांच्या तळाशी विहिरीकाठचे गोटे घातले. कुणाला विचारलं नाही. सगळेच घालतात, असं मनाशी म्हटलं. चोराला तेवढंच म्हणायचं असतं.

बाजारात सरकारी माणसाने बोऱ्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि गोटा बाहेर काढला. घरी बोरे भरणारी मी एकटी, हे आमच्या घरधन्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते म्हणाले, "म्याच भरले." सहा महिने सक्तमजुरी झाली, अकोल्याच्या तुरुंगात. नेण्याआधी मला भेटू दिलं, तेव्हा एवढंच बोलले, "गोटे तरी लहान घ्याचे ना वं!" मला आधी हसू आलं आणि मग दोन दिवस रडू आवरेना.

महिन्याभरात अकोल्याहून आलेल्या एकाने सांगितलं, त्यांना चक्कीवर बसवलंय. आमच्या माणसाला दमा. कापूस झोडला तरी छाती भात्यासारखी चालायची. पिठाच्या धुळीत ते सहा महिने निघतात की नाही, या धास्तीने मी गावभर उपाय विचारत फिरले. करणी माझी आणि जीव त्यांचा जाणार.

गावातल्या शहाण्यांनी सल्ला दिला : आत जमादाराचे हात ओले केले की काम बदलतं. पण पैसे फाटकावर दिले तर फाटकावरच जिरतात. ते कैद्याच्याच हाती पडले पाहिजेत. थंडीचे दिवस होते. मी नवी दुलई भरली आणि चारही कोपऱ्यांत मिळून पंचवीस रुपये, एकेक कापसात गुंडाळून, टाचून टाकले. सासऱ्यांनी दुलई कानाशी धरून हलवली. "वाजून नाई राहिली," ते खूश होऊन म्हणाले.

सासरे आणि मी बैलगाडीने तिसऱ्या दिवशी अकोल्याला पोचलो. तुरुंगाच्या दरोग्याने दुलई उचलून झटकली, तर चारही कोपरे खाली ओढले गेले. त्याने एक कोपरा चाचपला, मग वही उघडून कैद्याचा गुन्हा पाहिला आणि पोट धरून हसू लागला. "कापसात गोटे, कापसात रुपये. घरचा धंदाच दिसतो तुमचा!" आम्हा अकलेच्या खंदकांच्या डोक्यात हे तोवर आलंच नव्हतं.

त्याने घरधन्यांना बोलावलं. भुवयांवर पीठ, खोकून खोकून डोळे लाल. ओळखू येईनात.

"हे रुपये कोणी भरले?"

त्यांनी दुलईकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "म्याच भरायले सांगतलं होतं, सायेब."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. किती वेळा माझं पाप स्वतःच्या अंगावर घेणार हे?

"खोटं हाय," मी म्हणाले. "यायले काई मालूम नाई. रुपये म्या भरले. ते गोटेबी म्याच भरले होते."

सासऱ्यांनी कपाळावर हात मारून घेतला. दरोगा हसायचा थांबला.

"गोट्यांचा निकाल झाला, तो माझ्या हातात नाही. पण रुपये कशासाठी?"

"यायले दमा हाय. चक्की सोसत नाई."

"मग तसं सांगायचं! डॉक्टर कशाला ठेवलाय इथं? तोंड नाही तुम्हाला?"

खरं सांगते, सरळ जाऊन सांगावं, हे आमच्या कुणाच्याच मनात आलं नव्हतं. डॉक्टरने छातीला कान लावला आणि त्याच दिवशी त्यांना दोऱ्या वळायच्या कामावर घातलं. रुपये सासऱ्यांच्या उपरण्यात परत आले. दुलई मी दरोग्यासमोर पुन्हा शिवली, तेव्हा ती आत गेली.

उरलेली शिक्षा भोगून ते घरी आले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी जात्यावर बसले, तर नाकाला उपरणं बांधून समोर येऊन बसले आणि खुंटा धरला.

"उठा, लोकं हसतीन," मी म्हणाले.

"हसू दे. म्या महिनाभर दळलं, तं सरकार त्याले सक्तमजुरी म्हणे. तू नऊ वर्साची होती तवापासून दळून राहिली. तुले कोन्या गुन्ह्याची सजा हाय?"

मी जात्यात दाण्यांची मूठ टाकली. दोन मुठी दळून झाल्यावर मी त्यांना बळेच उठवलं, दम्याचं माणूस म्हणून. पुतळ्यांच्या माळेचं नाव मात्र मी पुन्हा काढलं नाही.