आबाकाकांची लाइफबोट मी हलकी केली

चूक माझीच. मी आबाकाकांना मदत केली.

काका तरुणपणी मुंबईला जहाजावर खलाशी होते. जहाज फुटलं तेव्हा एका लाइफबोटीनं त्यांना वाचवलं. वाशीमला परतून भाजीच्या मळ्याला पाणी देता देता ते आणि त्यांचे दोस्त रहीममिस्त्री लाइफबोटींचे लाकडी नमुने करू लागले. (इथून समुद्र कुठल्या दिशेला, हेही आम्हाला ठाऊक नव्हतं!) अकरा नावा, चित्रांची कात्रणं, जुन्या खलाशांची पत्रं, सगळं माळ्यावर. आणि माळा काकूला कांद्यासाठी हवा होता.

"समुद्र नाई, जहाज नाई, कोनाले वाचवून राह्यले तुमी? यंदा माळा रिकामा करा, नाईतर नावा चुलीत!"

खरी लाइफबोट उलटली तरी आपोआप सुलटी होते, असं काका सांगत. शेवटी हेडमास्तरांनी शब्द दिला: तळ्यात उलटवलेली नाव आपोआप सुलटी झाली, तर संग्रहाला शाळेत खोली!

त्या सकाळी नाव तळ्यावर न्यायचं काम माझं. भलतीच जड! पाहतो तर तळाला शिशाची जाड पट्टी. मी तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. शिसं बुडतं एवढं मला कळत होतं. म्हाताऱ्यांची चूक गुपचूप सुधारावी म्हणून मी स्क्रू काढले आणि पट्टी कोटाच्या खिशात टाकली.

तळ्यावर अर्धा बाजार लोटला होता. नाव झकास तरंगली. टाळ्या! माझी छाती फुगली.

मग काकांनी काठीनं ती उलटवली. "आता पाहा, हेडमास्तर!"

सगळ्यांनी पाहिलं. नाव कासवासारखी पाठ वर करून पडली होती. सगळ्यांनी आणखी पाहिलं.

"काहून उठत नाई हे?" रहीममिस्त्री कुजबुजले.

"झोपली असन!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"मी चूल पेटवूनच आली हाय," काकू म्हणाली.

काकांचा चेहरा पाहवेना. नाव आणायला मी कोटासकट उडी घेतली. पोहण्यात माझा हात धरणारा गावात कुणी नव्हता, पण त्या दिवशी मी उजव्या खिशाच्या बाजूनं सरळ तळाकडे निघालो!

"अरे, नामदेव बुडून राह्यला!"

रहीममिस्त्रींनी दोर फेकला, काकांनी उडी मारली आणि साठीतल्या त्या दोघांनी मला काठावर ओढलं. आयुष्यभर लाइफबोटी केल्या, पण बुडता माणूस त्यांना पहिल्यांदाच मिळाला!

"एवढा जड कसा रे तू?" काकांनी धापा टाकत माझा खिसा चाचपला. पट्टी बाहेर आली. मी खुलासा करायला तोंड उघडलं. आधी पाणी आलं.

"बेट्या, शिसं नावेखाली असलं तं नाव सुलटी व्हते. खिशात असलं तं मानूस उलटा व्हते!"

मिस्त्रींनी नाव काठीनं ओढून घेतली आणि तिथंच पट्टी बसवली. काकांनी नाव पुन्हा उलटवली आणि ती टुणकन सुलटी झाली! काकू सगळ्यांत आधी ओरडली, "झाली वं माय!"

शाळेत खोली उघडली त्या दिवशी मी साऱ्या गावासमोर हात जोडले. "काका, मिस्त्री, माफ करा. पुन्हा कोनाले मदत करनार नाई!"